दमट कोपरा: मागच्या खोलीतल्या हवेच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. विश्रामबाग, सांगली

कुंडीतल्या कॅलेथियाचं चौथं पानही काठाने करपलं. नोव्हेंबरात लेकीने पुण्याहून आणून दिलं तेव्हा अकरा पानं होती आणि एकाच्याही कडेला डाग नव्हता. आता कड आधी पिवळी पडते, मग तपकिरी होते, आणि बोट लावलं की पापडासारखी मोडते. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी फवारते आहे, तरी हे चाललंय. म्हणून आजपासून वही घातली. ‘सांगलीची हवा कोरडी’ एवढं म्हणून भागणार नाही. किती कोरडी, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि माझ्या फवाऱ्याने त्यात काय फरक पडतो, ते मोजायचं आहे.

झाडं सगळी मागच्या खोलीत आहेत. खोली १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर, उत्तरेला एकच खिडकी. कॅलेथिया, बॉस्टन फर्न, हंसराज, लाल अँथुरियम, मॉस स्टिकवर चढवलेला मनी प्लांट आणि दोन स्नेक प्लांट. शेवटच्या तिघांची काही कुरकुर नाही. स्नेक प्लांट तर पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचं पाणी वाचतं. कॅलेथियाला ती सोय नाही. ते दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, जमिनीलगत वाढणारं झाड आहे.

१० फेब्रुवारी

हवेतली आर्द्रता मोजणारे दोन डिजिटल मीटर आणले. एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर एक ४३ टक्के दाखवतो आणि दुसरा ३४. कुणाचं खरं मानायचं?

मिठाची परीक्षा लावली. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेतलं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं केलं. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, हे महत्त्वाचं. ते झाकण आणि दोन्ही मीटर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवले आणि डबा कपाटात सारला. मिठाच्या अशा संपृक्त लगद्यावरची बंद हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. त्यामुळे मीटर जे दाखवेल, त्यातला ७५ पासूनचा फरक ही त्या मीटरची चूक.

११ फेब्रुवारी

पहिला ८१, दुसरा ७२. म्हणजे पहिला ६ ने जास्त सांगतो आणि दुसरा ३ ने कमी. कालचे आकडे दुरुस्त केले तर दोन्ही ३७ वर येतात. दोघांच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘वजा ६’ आणि ‘अधिक ३’ लिहून ठेवलं. यापुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत. ही तपासणी एकाच ठिकाणची आहे, खाली वीस-पंचवीस टक्क्यांना चूक थोडी वेगळी असू शकते, पण माझ्या कामाला एवढं पुरे.

१५ फेब्रुवारी

गॅलरीच्या सावलीत दिवसभर वाचन घेतलं. सकाळी साडेसहाला २० अंश आणि ६० टक्के. दुपारी तीनला ३३ अंश आणि २९ टक्के.

आधी वाटलं, दुपारपर्यंत हवेतलं अर्धं पाणी कुठे गेलं? हिशेब मांडल्यावर कळलं की कुठेच गेलं नाही. २० अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, ३३ अंशाच्या हवेत सुमारे ३६. सकाळी १७ पैकी ६० टक्के म्हणजे दहा-साडेदहा ग्रॅम. दुपारी ३६ पैकी २९ टक्के, म्हणजे पुन्हा तेच दहा-साडेदहा ग्रॅम. पाणी तेवढंच राहिलं, हवेची भूक वाढली. आणि ती भूक हवा जिथे ओल सापडेल तिथून भागवते: दोरीवरच्या कपड्यांतून, माठातून, पानांच्या पाठीवरच्या छिद्रांतून. मुळांना तेवढ्या वेगाने पाणी वर चढवता आलं नाही की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी राहतं. पानाचं सगळ्यात लांबचं टोक म्हणजे त्याची कड.

१८ फेब्रुवारी

आज फवाऱ्याची परीक्षा. मोजपात्रात शंभर वेळा दाबून पाहिलं: ८५ मिली. म्हणजे एका दाबाला मिलीपेक्षा थोडं कमीच.

दुपारी तीन. पंखा एकवर. कॅलेथियाभोवती २० वेळा दाबलं, मीटर हातभर अंतरावर. २९ वरून लगेच ४४. चार मिनिटांनी ३५. नऊ मिनिटांनी ३०. बाराव्या मिनिटाला परत २९.

मग एकच थेंब धरून बसले. पानाच्या मधल्या शिरेजवळ गव्हाच्या दाण्याएवढा थेंब होता, भिंगासारखा फुगलेला, आणि त्याच्या पोटात शीर जाड होऊन दिसत होती. पहिली दोन मिनिटं त्यात काही फरक नाही. मग त्याची कड आत सरकायला लागली, भिंग चपटं झालं, शीर बारीक झाली. आठव्या मिनिटाला थेंब नव्हता. त्याच्या जागी पांढरट गोल ठिपका उरला होता, खडूने टेकवल्यासारखा. पंखा बंद ठेवून पुन्हा केलं तेव्हा १९ मिनिटं लागली.

हिशेबही केला. खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा आहे. २९ वरून मी ठरवलेल्या ५५ टक्क्यांवर न्यायची तर जवळपास ३०० मिली पाणी वाफ होऊन त्यात मिसळायला हवं. म्हणजे बाटली साडेतीनशे वेळा दाबायची, आणि तेही खोली बरणीसारखी बंद असेल तर. दाराच्या फटीतून तासाभरात हवा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. माझे २० दाब सगळ्या खोलीत पसरले तर जेमतेम दीड टक्का वाढतो. मीटरने ४४ दाखवलं ते मीटर फवाऱ्याच्या शेजारी होता म्हणून.

तीन महिने मी पानं ओली करत होते आणि हवा ओली करतेय असं समजत होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज आकड्यांत दिसलं.

२३ फेब्रुवारी

ताटात खडे आणि पाणी, त्यावर कुंडी. सगळीकडे हा उपाय सांगतात. खड्यांच्या वर चार बोटांवर ३ टक्के वाढ, पानांच्या उंचीवर १. पंखा लावला की दोन्ही शून्य. ताट काढून टाकलं.

२ मार्च

अँथुरियमच्या दोन पानांवर पाणी मुरल्यासारखे गडद डाग, भोवती पिवळं वलय. पंखा बंद करून रात्री निजताना फवारलं तर पाणी जास्त वेळ टिकेल, या विचाराने आठवडाभर तसं केलं होतं. टिकलं खरं. सकाळी सहालासुद्धा पानांच्या बेचक्यात पाणी साचलेलं असायचं.

दादाला फोटो पाठवले. तासगाव तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. त्याचा लगेच फोन आला, आणि पहिला प्रश्न, “पान रात्रीचं किती तास ओलं राहतंय?”

सांगितलं.

“अगं, ऑक्टोबरात छाटणी झाली की आम्ही दुसरं काय बघतो? पानावर पाणी किती तास थांबलं, तेवढंच बघतो. रात्रभर दव राहिलं की सकाळी डाऊनी दारात उभी. आणि तू आपल्या हातानं दव पाडतेस होय?”

डाऊनी द्राक्षाचा रोग, अँथुरियमचा वेगळा. पण वाट तीच: पानावर पाणी उभं राहिलं की बुरशीला, जिवाणूला आत शिरायला पूल मिळतो. दादाने आणखी एक सांगितलं ते लिहून ठेवते. भुरीला, म्हणजे द्राक्षावरच्या दुसऱ्या बुरशीला, पानावर थेंब लागतच नाही, तिला सावली, कोंदट हवा आणि थोडा गारवा पुरतो. म्हणजे हवा दमट करायची तर ती थोडी हलतीही ठेवावी लागणार.

दोन्ही पानं देठापासून कापली, कात्री प्रत्येक कापाला स्पिरिटने पुसली. फवारा आजपासून बंद, रात्रीचाही आणि दिवसाचाही.

९ मार्च

फवारा पूर्ण बंद करून आठवडा झाला. कॅलेथियाची स्थिती आहे तशीच. एक पान करपायचं ते करपलंच, पण जास्त वेगाने नाही. एवढ्यावरून फवाऱ्याचा उपयोग नव्हता असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण त्याने झाड तगून होतं असंही दिसत नाही.

१६ मार्च, रविवार. माहेरी

दोन्ही मीटर पर्समध्ये घालून गेले. दादाचा बेदाणा पडलाय. वर पत्रा, बाजू उघड्या, आत जाळ्यांचे थर एकावर एक, आणि प्रत्येक थरावर पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं पसरलेली. खालच्या थरातली अजून हिरवी, टपोरी, वरची सुरकुतलेली. शेडच्या मधोमध उभं राहिलं की ओढणी सतत हलत राहते. वारा या बाजूने येतो आणि त्या बाजूने जातो, मध्ये कुठे थांबत नाही. मीटर टांगला: ३६ अंश, २१ टक्के.

चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो. म्हणजे किलोमागे तीन किलो पाणी ही हवा दोनेक आठवड्यांत सावलीत उचलून नेते, सरपण नाही, वीज नाही. तासगावचा बेदाणा या हवेवरच उभा आहे. दादा दर मार्चमध्ये आभाळाकडे बघून हीच हवा मागतो आणि माझ्या कॅलेथियाला तीच नको आहे. घरात बसून मी या हवेला नावं ठेवत होते. शेडमध्ये उभं राहिल्यावर तसं वाटेना.

जेवण झाल्यावर जुन्या विहिरीकडे गेले. लहानपणी आम्ही पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडायचो. घडीव दगडांच्या फटीफटींतून हंसराज तेव्हाही होता आणि आजही आहे, पाण्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत. काळी, केसासारखी देठं, त्यावर पंख्यासारखी पानं, आणि खालच्या ओळीच्या टोकांना पाझराचे थेंब. घरातल्या माझ्या हंसराजाची पानं कुरकुरीत झालेली, आणि इथे बेदाण्याच्या शेडपासून दीडशे पावलांवर, त्याच तालुक्यात, त्याच उन्हाळ्यात, कुणी फवारत नसताना हा हिरवागार.

मीटरला सुतळी बांधली. कठड्याशी धरला: २३ टक्के. दहा हात खाली सोडला आणि दहा मिनिटं थांबले, कारण मीटरला हवा कळायला वेळ लागतो. वर ओढला: ५८. मग पाण्याच्या अगदी वर. दादा मागून म्हणाला, “सुतळी दोनदा गुंडाळ हाताला.” दहा मिनिटांनी वर घेतला तेव्हा काच धुरकटली होती: २६ अंश, ८६ टक्के.

शेडमध्ये वारा आरपार जातो, विहिरीत तो वरून निघून जातो. ओल दोन्हीकडे आहे. द्राक्षांत पाणी काय कमी असतं? पण शेडमध्ये निघालेली वाफ क्षणात वाहून जाते आणि विहिरीत ती चारी बाजूंच्या दगडांत साठून राहते. शिवाय विहिरीत ऊन उतरत नाही, म्हणून हवा गार आणि तिची भूक कमी. मुळं सतत ओल्या चुन्यात आणि दगडांत. पानांवर मात्र, पाझराखालची ओळ सोडली तर, पाणी नाही. हात फिरवून पाहिला. पानं कोरडी होती.

आता मला खोलीत विहीर करायची आहे.

२० मार्च

तीन गोष्टी ठरवल्या: वारा अडवायचा, ओल सतत निघत राहील असं काहीतरी ठेवायचं, आणि हवा गार ठेवायची.

खिडकीच्या पूर्वेचा कोपरा निवडला. दोन बाजूंना भिंत आहेच. तिसऱ्या बाजूला कपड्यांच्या जुन्या लाकडी घोडीवर प्लास्टिक ताणलं. बागेवर पावसासाठी घालतात त्या प्लास्टिकचा उरलेला तुकडा दादाने दिला होता, उजेड चांगला येतो त्यातून. चौथी बाजू उघडी, म्हणजे हवा थोडी खेळती. वर काही नाही. कॅलेथिया, फर्न, अँथुरियम मिळून आत, पानाला पान न लागेल इतक्या अंतरावर. मध्ये जुना माठ, तोंड उघडं. चार वर्षांचा माठ आहे, अजून छान पाझरतो. पंखा या खोलीत बंद.

२२ मार्च

माठ वजनकाट्यावर ठेवून पाहिला: २४ तासांत ९०० ग्रॅम कमी. यातला थेंबही पानांवर पडत नाही. दुपारी तीनला खोली २६, कोपरा ४१. खड्यांच्या ताटाला जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण इथे भिंती आहेत.

अजून ५५ नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर आई (सासूबाई) मागच्या खोलीत येऊन बसल्या. कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, “पावसाळ्यात कपडे घरात वाळत घातले की भिंतीला ओल धरते म्हणून मी तुला रागवायची. मग आता घाल की इथं.”

मला हे सुचलं नव्हतं. मशीनमधून काढलेले कपडे बॅग मोजायच्या काट्याला अडकवून तोलले: ६.४ किलो. कोपऱ्याशेजारी स्टँडवर वाळत घातले, खिडकी लावून घेतली. वाळल्यावर ४.५. एकोणीसशे मिली पाणी खोलीच्या हवेत गेलं. बाटलीने तेवढं सोडायचं तर बावीसशे वेळा दाबावं लागलं असतं. अडीचला कोपरा ४२, साडेपाचला ६१. शिवाय खोली दोन अंशांनी गार, कारण पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं.

आता रोज धुणं अकराऐवजी एकला लावायचं, म्हणजे हवा सगळ्यात भुकेली असते त्याच वेळी कपडे ओले असतील. रात्री मात्र खिडकी उघडायची. आईंची भिंतीची काळजी रास्त आहे.

६ एप्रिल

हंसराजाला ५५-६० टक्के पुरत नाहीत. त्याची पानं फार पातळ, मेण जवळजवळ नाहीच. माळ्यावरची दोन फुटी माशांची जुनी टाकी काढली, तळाशी विटांचे तुकडे, वर कोकोपीट, शेणखत आणि विटांची भुकटी. चुना भुरभुरवला, विहिरीच्या दगडांची आठवण ठेवून. वर काच, एका बाजूला पेन्सिलीएवढी फट. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. आत ८८ टक्के.

ही कल्पना जुनी आहे. १८२९च्या सुमारास लंडनमधले डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीत ठेवला होता. कोशापेक्षा त्यांचं लक्ष त्या मातीतून आपोआप उगवलेल्या नेच्याने वेधलं, कारण बाहेर लंडनच्या धुरात त्यांचे नेचे मरत होते. पुढे त्यांच्या काचपेट्यांतूनच जहाजांवरून रोपं जगभर गेली. चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून.

१९ एप्रिल

फर्नच्या आतल्या पात्यांवर बारीक फिकट टिपके. बागेतली युक्ती केली: पांढरा कागद खाली धरून पातं दोनदा झटकलं. कागदावर मिरपुडीसारखं काहीतरी पडलं आणि चालायला लागलं. लाल कोळी. उष्ण, कोरडी हवा त्याच्या सोयीची. कोपरा व्हायच्या आधीच आला असावा.

इथे मात्र पाणी कामाला येतं. सकाळी न्हाणीघरात नेऊन हँड शॉवरने पानांची पाठ जोराने धुतली, अकरापर्यंत सावलीत पूर्ण वाळू दिली, मग परत कोपऱ्यात. चार-चार दिवसांच्या अंतराने एकूण तीनदा करायचं, कारण अंडी एका धुण्यात जात नाहीत.

२७ एप्रिल

कागद स्वच्छ.

१८ फेब्रुवारीच्या पांढऱ्या ठिपक्याचंही बघून घेतलं. स्टीलच्या ताटलीत तीन थेंब वाळवले: इमारतीच्या बोअरचं, पिण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं, आणि शेजारच्यांच्या एसीच्या नळीतून टपकणारं. बोअरच्या जागी पांढरं कडं, फिल्टरच्या वाया पाण्याचं त्याहून जाड कडं, एसीच्या जागी काहीच नाही. हेच क्षार पानात चढतात, पाणी उडून जातं आणि क्षार कडेशी साठत राहतात. कड करपण्यात त्यांचाही हात असणार. शेजारच्या काकूंना विचारून नळीखाली बादली ठेवली, दिवसाला पाच-सहा लिटर मिळतं. कॅलेथियाच्या कुंडीतून एकदा तिच्या आकाराच्या तिप्पट पाणी ओतून जुने क्षार धुऊन काढले.

पाणी घालण्याचं अंतरही बदललंय. पूर्वी दोन दिवसांनी वरचा पेरभर थर वाळायचा, आता चार दिवसांनी. हवेची ओढ कमी झाली तसं झाड पाणी कमी पितं. जुन्या सवयीने घालत राहिले असते तर मुळं कुजली असती. म्हणून बोट घालून बघितल्याशिवाय घालत नाही.

४ मे

हंसराज गेला असं वाटतंय. साडेसहाला बाजारातून आले तर टाकीत ४३ अंश, काच धुकटलेली, पानं उकडलेल्या मेथीसारखी मऊ आणि काळपट.

उत्तरेची खिडकी म्हणजे ऊन नाही, हे मी गृहीत धरलं होतं. हिवाळ्यात ते खरं होतं. पण २१ मार्चनंतर सूर्य पश्चिमेच्या उत्तरेकडे सरकत मावळतो, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो सांगलीत भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. संध्याकाळची तिरपी उन्हं थेट कट्ट्यावर येतात. बंद काचेत शिरलेली उष्णता बाहेर पडत नाही. विहिरीतून मी दमटपणा उचलला आणि सावली मागे ठेवली. याचं फार वाईट वाटलं, कारण त्याची पहिली फांदी माहेरच्या विहिरीतली होती.

सगळी पानं मातीलगत कापली. मातीखालचं खोड दाबून पाहिलं, घट्ट आहे. टाकी कोपऱ्याच्या मागे, भिंतीशी, थेट उजेड न येणाऱ्या जागी नेली. काच दोन बोटं सरकवली.

१२ मे

कॅलेथियाची नवी सुरळी दहा दिवसांपूर्वी निघाली होती. मार्चमधलं पान उलगडताना मध्येच चिकटून राहिलं होतं आणि कडेने फाटलं होतं. कोरड्या हवेत सुरळीची बाहेरची कड आधी वाळते आणि आतलं वाढतं पान तिला ढकलून फाडतं. त्या वेळी मी नखाने सोडवायला गेले, त्याने आणखी फाटलं. या वेळी हात लावला नाही. काल अर्धी उलगडली, आज सकाळी पूर्ण. २१ सेंटीमीटर, पाठ जांभळी, आणि कड टोकापर्यंत अखंड. रात्री नऊला इतर पानांबरोबर तेही उभं मिटलं.

जुनी करपलेली पानं तशीच ठेवली आहेत. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, पण उरलेलं पान अजून काम करतं.

२६ मे

मुंबईत मोसमी पाऊस पोचला. इतका लवकर! आमच्याकडेही चार दिवस झड लागल्यासारखी आहे. खोली ७४, कोपरा ८३. माठ रिकामा करून उपडा ठेवला. धुणं पुन्हा गॅलरीत. दादाला फोन केला, त्याचा बेदाणा एप्रिलमध्येच शीतगृहात गेलाय. त्या बातमीने हायसं वाटलं.

१ जून

हंसराजाच्या मातीतून तीन बारीक काळे आकडे वर आलेत, टोकाला गुंडाळी, राईएवढी. भिंग घेऊन पाहिलं. एका गुंडाळीच्या बाहेरच्या वळणावर पोपटी पान सुटायला लागलंय.

१५ जून

खोली ८१. कोकोपीटवर पांढरा कापसासारखा थर आला होता, चमच्याने वरचा बोटभर भाग काढला. कुंड्या आता लांब लांब, घोडीवरचं प्लास्टिक सोडून घडी केलं, पंखा दिवसा एकवर. मार्चमध्ये जे जे टाळत होते ते ते आता करायचं आहे. अँथुरियमला नवीन डाग नाही. पाणी नऊ दिवसांनी.

मॉस स्टिक मात्र पंख्याने वाळते, ती रोज सकाळी बाटलीने भिजवते, म्हणजे मनी प्लांटची हवेतली मुळं तिला धरून राहतात. बाटलीचं काम आता एवढंच.

हंसराजाच्या टाकीची काच धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ऑक्टोबरात लागेल.